आधी नाव, मग नमुना

आमच्या घरी एकही भांडं नाव घातल्याशिवाय मांडणीवर चढत नसे. पितळेचा डबा असो की स्टीलचा पेला, आई तो भांडीवाल्याकडे धाडायची आणि तो ठिपक्याठिपक्यांनी काठावर नाव, गाव, तारीख घालून द्यायचा. कारण साधं होतं. कार्य निघालं की भांडी चार घरांतून येतात आणि चार घरांत जातात. नाव असलेलं भांडं फिरून घरी येतं. नाव नसलेल्या भांड्यासाठी भांडावं लागतं.

परवा पुतणी प्रदर्शनाचा अर्ज घेऊन आली, तेव्हा मला ते ठिपके आठवले. फ्रँकफर्टला दरवर्षी हिवाळ्यात ‘अँबिएंटे’ हे घरगुती वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे तिला आपले डबे आणि टिफिन मांडायचे आहेत. दुबईची एक पार्टीही नमुने मागते आहे. तिने विचारलं, “काका, नमुन्यांचं पॅकिंग कसं करू?” मी म्हटलं, “पॅकिंगचं मागाहून बघू. डब्यावरचं नाव कोणत्या देशात कोणाच्या नावावर आहे, ते आधी सांग.” तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या गाळ्यांतून आता तिच्याच वयाची मुलं-मुली बसू लागली आहेत. आमची पिढी पत्रा आणायची, सर्कल कापायची, प्रेस मारायची, पॉलिश करायची आणि बिननावाचा माल तांबाकाट्याला, भुलेश्वरला टाकून मोकळी व्हायची. नाव व्यापाऱ्याचं असायचं. ही मुलं स्वतःच्या नावाने थेट परदेशी माल पाठवतात. मला त्याचा फार अभिमान आहे आणि तेवढीच काळजीही आहे.

पहिली गोष्ट मनावर कोरून घ्या. भारतात ट्रेडमार्क म्हणून नाव नोंदलं म्हणजे ते जगात नोंदलं असं होत नाही. नोंदणीचा हक्क देशाच्या सीमेवर संपतो. टोयोटाने ‘प्रियस’ ही गाडी १९९७ मध्ये जपानात आणली. इथे गाड्यांचे सुटे भाग आणि शोभेच्या वस्तू बनवणाऱ्या एका भारतीय कंपनीने तेच नाव वापरलं आणि आधी नोंदवलंही. टोयोटा कोर्टात गेली. सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर २०१७ रोजी सांगितलं की जगभरची कीर्ती पुरेशी नाही, त्या काळात इथल्या बाजारात नाव माहीत होतं हे दाखवायला हवं. टोयोटाला ते दाखवता आलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं आपल्या देशात जे झालं, ते परक्या देशात आपल्या गाळ्याचं व्हायला वेळ लागत नाही.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची नोंदही तशीच सीमेपाशी थांबते. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपल्याकडे सगळे हळहळले. कोल्हापुरी चपलेची भारतात जीआय नोंद आधीच झालेली होती. पण भारतातली नोंद इटलीत चालत नाही. दार्जिलिंग चहाने मात्र भारतातल्या नोंदीवर न थांबता युरोपीय संघातही नोंद मिळवली, ती २०११ मध्ये.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. पुतणीला हे आधी कधी सांगितलं नव्हतं.

आखातातला एक व्यापारी आमचे डबे घेत असे. तीन-चार वर्षं व्यवहार चोख होता. एकदा त्याने कागद पाठवले. म्हणाला, इथे नकली माल येऊ लागलाय, नावाची नोंद करून टाकू, खर्च सगळा माझा, तुम्ही फक्त संमतीची सही करा. मला तो त्याचा मोठेपणा वाटला. अर्जदाराच्या रकान्यात त्याचं नाव होतं. कागद अरबीत होता, शेजारी इंग्रजीही होतं, आणि मी तेही वाचलं नाही. पुढे पत्र्याचा भाव चढला. मी दर वाढवून मागितला, त्याने नाही म्हटलं, मी त्याच शहरात दुसरं गिऱ्हाईक धरलं. कंटेनर न्हावा शेव्याहून निघाला आणि तिथल्या बंदरात अडकला. जुन्या व्यापाऱ्याने प्रमाणपत्र दाखवलं होतं. कागदोपत्री आमच्याच नावाचा नकली माल आम्ही पाठवत होतो.

माल परत आणावा लागला. प्रत्येक झाकणावर आमचं नाव उठवलेलं होतं. पॉलिशवाल्याने एकेक झाकण बफवर धरून ते घासून काढलं. ते माझ्या आईचं नाव होतं. त्या दिवशी मी गाळ्यात थांबू शकलो नाही.

औद्योगिक संपदेबद्दलच्या पॅरिस करारात अशा प्रसंगासाठी तरतूद आहे. मालकाची परवानगी न घेता एखाद्या एजंटाने किंवा प्रतिनिधीने आपल्याच नावावर नोंद केली, तर मूळ मालक विरोध करू शकतो, ती रद्द करून घेऊ शकतो. पण ‘परवानगी न घेता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मी सही केली होती. म्हणून सांगतो, विक्रेता, आयातदार, वितरक कितीही जवळचा असो, “नोंदणीचं मी बघतो” म्हणाला तर त्याचे आभार माना आणि अर्ज स्वतःच्या नावाने करा. करारात स्पष्ट लिहून घ्या की नाव आमचं आहे, तुम्हाला ते फक्त आमच्या मालापुरतं वापरता येईल, आणि व्यवहार संपला की तो वापरही संपेल. हे लिहून मागितल्यावर जो रागावेल, त्याला नमुनाही देऊ नका.

मोठी घरंही यात फसतात. ब्रिटानियाचं ‘टायगर’ बिस्कीट १९९७ मध्ये बाजारात आलं. त्याच कंपनीत भागीदार असलेल्या फ्रान्सच्या दानोनने हे नाव बाहेरच्या अनेक देशांत स्वतःच्या नावावर नोंदवल्याचं पुढे उघड झालं. त्या वादाने दोन्ही घरांतली फूट वाढवली आणि २००९ मध्ये दानोनने ब्रिटानियातला आपला हिस्सा दुसरा भागीदार असलेल्या वाडिया समूहाला विकला. घरातल्या भागीदाराच्या बाबतीत असं होऊ शकतं, तर समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकावर आंधळा विश्वास कशाला ठेवायचा?

आता काम कसं करायचं ते. माझ्या वेळी आखातात नोंद करायची तर तिथलाच वकील गाठावा लागे. मुखत्यारपत्र, नोटरी, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, असं सगळं करावं लागे. तुमच्यासाठी वाट सोपी झाली आहे. ८ जुलै २०१३ पासून भारत मॅड्रिड प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या व्यवस्थेत आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीही २०२१ च्या डिसेंबरअखेर त्यात आली. अमिरातीतली नोंद सातही अमिरातींना चालते. इथल्या नोंदणी कार्यालयातून एकच अर्ज जिनिव्हाच्या ‘वायपो’कडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो. त्यात हवे तेवढे सदस्य देश निवडायचे. आपलं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. पण तिथवर जाण्याची गरज नाही, हा अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो.

या अर्जाचा पाया मात्र भारतातला अर्ज किंवा भारतातली नोंद हाच असतो. म्हणून आधी इथे अर्ज करा. उद्यम प्रमाणपत्र असेल तर लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ९,०००. पुष्कळ जण उद्यमचा कागद लावायला विसरतात आणि दुप्पट भरतात. मालाचे आणि सेवांचे वर्ग एकूण ४५ आहेत. आपले डबे, टोप, कढया, टिफिन २१ व्या वर्गात येतात. चमचे, काटे, सुऱ्या ८ व्या वर्गात जातात, आणि टिफिनच्या सेटमध्ये चमचा घातला की दोन वर्ग झाले. शेगडी विकणार असाल तर ११ वा. मालाचं वर्णन नेमकं लिहा: स्टेनलेस स्टीलचे डबे, झाकणाची पातेली, जेवणाचे डबे. “सर्व प्रकारची घरगुती भांडी” असं मोघम लिहिलं तर अमेरिकेचं कार्यालय हटकून आक्षेप घेतं.

भारतातल्या अर्जाच्या तारखेपासून सहा महिने फार मोलाचे असतात. त्या मुदतीत परदेशी अर्ज केला आणि अग्रहक्क मागितला, तर तिथेही तुमची भारतातलीच तारीख धरली जाते. मधल्या काळात कोणी तिथे नाव टाकलं असेल, तरी तुम्ही त्याच्या पुढे राहता. सातव्या महिन्यात हा हक्क उरत नाही. प्रदर्शनाला जाऊन आल्यावर बघू, असं म्हणणाऱ्या किती जणांनी हे सहा महिने घालवले, ते मी जवळून पाहिलं आहे.

खर्चाचंही सांगतो, कारण फक्त ऐकीव आकड्यांनी पोरं घाबरतात. जिनिव्हाची मूळ फी काळ्यापांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत चिन्हाला ९०३. त्यावर काही देशांना प्रत्येकी १०० फ्रँक. अमेरिका, जपान, चीन, युरोपीय संघ यांनी मात्र स्वतःची वेगळी फी ठेवली आहे. तीनपेक्षा जास्त वर्ग असतील तर वरच्या प्रत्येक वर्गाला आणखी १००. आपल्या कार्यालयाची प्रमाणित करून पुढे पाठवण्याची फी ५,००० रुपये. वायपोच्या संकेतस्थळावर हिशेब मांडून देणारी सोय आहे, तिच्यात देश आणि वर्ग भरा आणि खरा आकडा बघा. रंगीत चिन्हाची फी जास्त, म्हणूनच मी सांगतो, चिन्ह काळ्यापांढऱ्यात द्या. पैसे वाचतात, आणि पुढे डब्याचा रंग बदलला तरी बहुतेक ठिकाणी हरकत येत नाही. आणि पैसे एकाच अर्जापुरते असतील तर सजवलेल्या चित्राऐवजी नुसतं नाव नोंदवा. चित्र पाच वर्षांनी बदलतं, नाव राहतं.

आखातासाठी आणखी एक. तिथल्या लेबलावर नाव बरेचदा अरबीतही छापतात. ते अरबी रूप तुम्ही ठरवलं नाही तर वितरक ठरवतो, आणि मग तोच ते नोंदवतो. जाणकाराकडून ते लिहून घ्या, अर्थ विचारा, आणि त्याचाही अर्ज करा. आखाती देशांनी कायदा सारखा केला आहे, पण नोंद एक नाही. अमिरातीतली नोंद ओमानला चालत नाही, ओमानची बहारीनला नाही. युरोपचं उलट आहे. युरोपीय संघात एका नोंदीत २७ देश येतात, जर्मनीही त्यातच. ब्रिटन मात्र २०२१ पासून वेगळा धरावा लागतो. आणि आपला माल जातो त्या नेपाळ, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांपर्यंत मॅड्रिडची वाट अजून पोचलेली नाही. तिथे तिथल्याच वकिलाकडून थेट अर्ज.

चीनबद्दल वेगळं सांगायला हवं. “तिथे मी एक डबाही विकत नाही” असं तुम्ही म्हणाल. पण डाय, खोके, सिलिकॉनची रिंग तिथून घेता ना? तिथे जो आधी अर्ज करतो त्याचं नाव होतं, आणि तिथलं कस्टम बाहेर जाणारा मालही थांबवू शकतं. दुसऱ्याने नाव घेतलं तर तुमचंच नाव छापलेले खोके तिथल्या बंदरात अडकतील.

नाव निवडतानाच थोडा विचार केला तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. उत्तन-गोराईच्या ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला घ्या. कितीतरी बायका तो आता पाकिटात भरून विकतात, परदेशातल्या लेकी-सुनांकडून मागणी येते. पण ‘बॉटल मसाला’ हे मसाल्याच्या प्रकाराचं नाव आहे, ते एका घराला मिळणार नाही, मिळूही नये. पाकिटावर त्या घराचं वेगळं नाव हवं, आणि ते ३० व्या वर्गात नोंदवायला हवं. सुके बोंबील विकणाऱ्यांनी २९ वा वर्ग बघावा. आपल्याकडेही ‘स्टील’, ‘मुंबई’, ‘सुपर’ असे शब्द जोडून केलेली नावं दुबळी असतात. नाव ठरवल्यावर वायपोच्या ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’मध्ये शोधा. पैसे लागत नाहीत. फ्रँकफर्टला जाण्यापूर्वी तर हे केलंच पाहिजे, कारण तिथे आपल्यासारखं नाव आधीच कोणाचं असेल, तर तो प्रदर्शन चालू असताना कोर्टाचा आदेश घेऊन स्टॉलवर उभा राहू शकतो.

आता घरातली गोष्ट, आणि ही मी सगळ्यांत कळकळीने सांगतो. मॅड्रिडचा अर्जदार आणि भारतातल्या नावाचा मालक एकच असावा लागतो. आपल्या गाळ्यांत नाव असतं वडिलांच्या प्रोप्रायटरशिपवर, जीएसटी मोठ्या भावाच्या फर्मवर, आणि निर्यात धाकट्याच्या प्रायव्हेट लिमिटेडवर. अशा स्थितीत अर्ज परत येतो. त्याहून वाईट म्हणजे वाटणीच्या वेळी गाळा, प्रेस, उधारी सगळ्याची वाटणी होते आणि नावाबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही. मग दोघे भाऊ एकाच नावाने दोन देशांत माल पाठवतात आणि परदेशी गिऱ्हाईक दोघांनाही सोडतं. वडील हयात असताना, सगळे एका चटईवर बसत असताना, नाव कोणाकडे राहणार ते कागदावर आणा. हस्तांतराची नोंद करा, मगच परदेशी अर्ज करा. आमच्या घरी हे झालं म्हणून पुतणी आज निर्धास्तपणे सही करू शकते.

अर्ज गेल्यावर हातावर हात ठेवून बसायचं नाही. निवडलेल्या देशाला उत्तर द्यायला १२ किंवा १८ महिन्यांची मुदत असते. त्यात नकार आला नाही, तर संरक्षण मिळालं असं धरतात. नकार आला तर तो तात्पुरता असतो, पण त्याला उत्तर द्यायला तिथला वकील लागतो आणि दिवस थोडे असतात, म्हणून ईमेल रोज बघा. दुसरं, पहिली पाच वर्षं परदेशातली नोंद भारतातल्या पायावर उभी असते. इथला अर्ज फेटाळला गेला किंवा कोणी नोंद रद्द करवली, तर बाहेरच्या नोंदीही त्याबरोबर पडतात. तीन महिन्यांत त्या त्या देशात वेगळा अर्ज करून तारीख वाचवता येते, पण खर्च पुन्हा पहिल्यापासून. म्हणून इथल्या अर्जावर आक्षेप आला असेल तर आधी तो निस्तरा. आणि तुम्हाला एकाच देशात जायचं असेल, इथला पाया डळमळीत असेल, तर मॅड्रिड सोडून थेट त्या देशात अर्ज करणं मला बरं वाटतं.

अर्ज प्रसिद्ध झाला की घरी बिलं येऊ लागतील. मोठ्या शिक्क्यांची, परदेशी पत्त्यांची, “तुमच्या चिन्हाची नोंद जागतिक सूचीत घेतली आहे, अमुक युरो भरा.” ती खोटी असतात. वायपो स्वतः अशा बिलांपासून सावध राहायला सांगतं. चीनमधूनही ईमेल येते की तुमच्या नावाने कोणीतरी डोमेन घ्यायला आलंय, लगेच पैसे भरा. उत्तर देऊ नका. ज्या वकिलाने अर्ज केला त्यालाच विचारा.

नाव मिळालं की ते वापरा आणि वापराचे पुरावे जपा. जिथे माल गेला तिथलं बिल, शिपिंग बिल, कॅटलॉग, प्रदर्शनातल्या स्टॉलचा तारखेचा फोटो, सगळं देशवार फाइलमध्ये. चीन आणि जपानात तीन वर्षं न वापरलेलं नाव कोणीही रद्द करायला मागू शकतो, भारतात आणि युरोपात पाच वर्षं. अमेरिकेत पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापराचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते चुकलं तर नोंद जाते. मॅड्रिडच्या नोंदीचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी असतं. आणि झाकणावर वर्तुळातला आर उठवण्यापूर्वी तो डबा जिथे जाणार तिथे नोंद झाली आहे का ते बघा. नसेल तर टीएम एवढंच छापा. डाय एकदा बनली की बदलायला पैसे लागतात, म्हणून हे डाय बनवतानाच ठरवा.

पुतणीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. जाताना तिने दुबईच्या पार्टीला निरोप धाडला की नमुने पंधरा दिवस उशिरा मिळतील. त्या डब्यांवर पुन्हा माझ्या आईचं, म्हणजे तिच्या आजीचं नाव आहे.

तुमच्याही गाळ्यातून माल बाहेर जात असेल तर आजच भारतातल्या अर्जाची पावती काढा. तिच्यावरची तारीख कालनिर्णयावर लिहा आणि तिथून सहा महिने मोजा.